दुरुस्तीच्या खात्यातला इतिहास

आपल्या बऱ्हाणपुराचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे सांगणाऱ्याला पुराव्यांची उणीव सहसा पडत नाही. जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहा, म्हणजेच राजा अली खान, याचा लेख अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला आहे. त्यात त्याच्या घराण्याची वंशावळ आहे आणि शके १५११ चा कालनिर्देश आहे. शाही किल्ल्यातील हमामखान्याशी शाहजहान व मुमताजमहल यांची नावे जोडलेली आहेत. आहुखान्याकडे बोट दाखवून १६३१ साली मुमताजचा देह प्रथम जैनाबादेस ठेवला होता, हे गावातले लहान मूलही सांगते. लालबाग परिसरातील भूमिगत जलव्यवस्थेचा, म्हणजे खुनी अथवा कुंडी भंडाऱ्याचा, विषय निघाला की १६१५ हे साल आणि अब्दुर्रहीम खानखानान हे नाव ओठांवर येतेच. त्याच्या जोडीला तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाचेही नाव परंपरेने घेतले जाते.

परंतु येथे एक साधा प्रश्न विचारण्याजोगा आहे. जमिनीखालून पाणी वाहून नेणारा भुयारी मार्ग एकदा खणून ठेवला म्हणजे तो चार शतके आपोआप वाहत राहतो काय? ज्याने एखादी विहीरसुद्धा सांभाळली आहे, तो या प्रश्नाचे उत्तर तत्काळ ‘नाही’ असे देईल. गाळ साचतो, मुळे शिरतात, दगड सरकतात, भिंतींवर चुनखडीचा थर चढतो. मग १६१५ नंतरच्या प्रत्येक पिढीत कोणीतरी कमरेला दोर बांधून खाली उतरले असले पाहिजे. शिलालेखात त्यांना स्थान नाही आणि वाटाड्यांच्या तोंडीही त्यांची नावे नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय ही माणसे आणि त्यांचे काम हा आहे. बांधणाऱ्यांच्या इतिहासाशेजारी राखणाऱ्यांचाही इतिहास मांडला पाहिजे, आणि बऱ्हाणपुरापुरते तरी ते काम आता लांबणीवर टाकण्यासारखे उरलेले नाही, असे मला वाटते.

आपल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागू नये. मृग लागण्यापूर्वी कौले चाळली जात, फुटकी काढून नवी बसविली जात, पन्हळी साफ होत, भिंतीच्या सांध्यात रुजू पाहणारा पिंपळ मुळासकट उपटला जाई. चैत्र-वैशाखात आडाचे पाणी खाली गेले की गाळ उपसला जाई. वाडा कोणत्या पूर्वजाने बांधला हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असे. मात्र दरवर्षी शाकारणीस येणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव क्वचितच कोणाला ठाऊक असे. एखाद्या वर्षी तो आला नाही, तर श्रावणातल्या पहिल्या झडीत त्याची आठवण घरभर ठिबकू लागे. जे वाड्याचे, तेच नगराचे. फरक इतकाच की नगराची शाकारणी चुकली, तर तिचे गळणे दिसून येण्यास वर्षे लागतात.

भंडाऱ्यांची गरज का पडली, हे समजण्यासाठी नगराची जडणघडण थोडक्यात पाहिली पाहिजे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान नासिरखान याने सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने तापीच्या उत्तर तीरावर हे नगर वसविले. १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती आला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमांचे मुख्य ठाणे झाले. सुभेदार, शाहजादे, त्यांचे लवाजमे, छावणीतले शिपाई, हत्ती-घोडे, शिवाय विणकर, रंगारी, व्यापारी अशी मोठी वस्ती येथे एकवटली. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा वकील सर टॉमस रो अजमेरकडे जाताना येथे थांबला आणि शाहजादा परवेझला भेटला, तेव्हा त्याने पाहिले ते हेच गजबजलेले लष्करी नगर. तापी पायथ्याशी वाहत होती खरी; पण पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ, उन्हाळ्यात पात्र रोडावलेले, आणि वेढा पडला तर नदीकाठ शत्रूच्या ताब्यात जाण्याची भीती. एवढ्या वस्तीला बारमाही, निर्मळ व शत्रूच्या नजरेआड राहणारे पाणी हवे होते.

हे पाणी सातपुड्याने दिले. नगराच्या उत्तरेकडील डोंगरउतारांवर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून दक्षिणेस तापीकडे झिरपत जातो. या झिरपणाऱ्या पाण्याला वाटेत आडवे जाऊन एका बोगद्यात गोळा करावयाचे आणि बोगद्याला अगदी मंद उतार देऊन ते नगराकडे वळवावयाचे, अशी ही कल्पना आहे. त्यात मोट नाही, रहाट नाही, कोणतेही यंत्र नाही. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या, गोल विहिरी आहेत. त्यांनाच आपण कुंड्या म्हणतो. शंभराहून अधिक कुंड्यांची ही रांग जमिनीवरून पाहिली असता एखाद्या बुजलेल्या नदीने आपल्या वाटेवर खुणा रोवून ठेवाव्यात तशी दिसते. कुंड्यांचे कठडे जमिनीपासून उंच उचलले आहेत, कारण पावसाळ्यातील वाहते गढूळ पाणी आत शिरता कामा नये. खणताना माती वर काढण्याची वाट हीच, आत हवा व उजेड पोचविणारी वाट हीच आणि पुढे साफसफाईसाठी माणसाने उतरावयाची वाटही हीच. मूळ भंडारा, चिंताहरण व खुनी भंडारा यांचे पाणी जाळी कारंज येथे एकत्र येई आणि तेथून मातीच्या नळांनी नगरात खेळविले जाई. कालांतराने मातीच्या नळांची जागा बिडाच्या नळांनी घेतली.

येथे थोडे दक्षिणेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. ज्या मलिक अंबरशी खानखानान दख्खनेत वर्षानुवर्षे झुंजत होता, त्या अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथेही त्याने त्याच सुमारास जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधविली. नहर-ए-अंबरी म्हणून ती प्रसिद्ध आहे. रणांगणावर एकमेकांचे वैरी असलेल्या दोन पुरुषांनी एकाच दशकात आपापल्या नगरांसाठी एकाच जातीची विद्या वापरावी, हा योगायोग मोठा बोलका आहे. राज्ये वेगळी असली, तरी पाण्याचा कारागीर दोन्हीकडे लागणारच होता.

आता या कारागिराच्या कामाकडे वळू. भुयारी जलमार्गाला मुख्यतः चार गोष्टींपासून राखावे लागते. पहिली गोष्ट गाळ. पाण्याबरोबर बारीक माती येते, कुंडीच्या तोंडातून पालापाचोळा पडतो आणि बोगद्याचा उतार अत्यंत मंद असल्यामुळे थोडाही गाळ प्रवाह अडवितो. दुसरी गोष्ट मुळे. वड-पिंपळासारख्या झाडांची मुळे ओलाव्याचा माग काढीत दगडांच्या सांध्यांतून आत येतात आणि सांधे उकलतात. तिसरी गोष्ट पडझड. चौथी, आणि आपल्या भंडाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत चिवट, गोष्ट म्हणजे चुनखडी. सातपुड्यातून झिरपत येणाऱ्या पाण्यात चुन्याचा अंश विरघळलेला असतो. बोगद्यातील मोकळ्या हवेशी गाठ पडताच पाण्यातील कर्बवायू निसटतो आणि विरघळलेला चुना पांढरट कवच होऊन भिंतींवर बसतो. हे कवच वर्षाला कागदाएवढे वाढले, तरी शतकांच्या हिशेबात बोगदा अरुंद होतो. त्याहून वाईट म्हणजे ज्या छिद्रांतून भिंत पाझरते ती छिद्रेच बुजतात. पाणी डोंगरात असते, भुयारही असते, पण दोहोंमधले दार बंद झालेले असते.

हे दार उघडे ठेवावयाचे म्हणजे माणसानेच आत जावयाचे. कुंडीतून दोराने उतरावयाचे, गुडघाभर किंवा कमरेइतक्या पाण्यात वाकून पुढे सरकावयाचे, छिन्नी-हातोडीने कवच हलक्या हाताने उडवावयाचे, गाळ घमेल्यात भरून कुंडीच्या तळाशी आणावयाचा आणि वरच्या माणसाने तो ओढून घ्यावयाचा. हात हलका असणे हीच यातली विद्या. घाव जोराचा बसला, तर कवचाबरोबर मूळ भिंतही ढासळते; घाव कमी पडला, तर छिद्र मोकळे होत नाही. कोणत्या कुंडीखाली माती ठिसूळ आहे, कोठे पाणी उजव्या अंगाने येते आणि कोठे डाव्या, पावसाळ्यानंतर किती दिवसांनी उतरणे सुरक्षित, हे ज्ञान नकाशात मावणारे नाही. ते एकाने दुसऱ्याला बरोबर नेऊनच द्यावे लागते.

ज्या इराणातून ही विद्या आली, तेथे या कारागिरांना मुकन्नी म्हणतात. कनात खणणारा तोच आणि तिची निगा राखणाराही तोच. एरंडेल तेलाचा दिवा घेऊन तो आत जाई. दिव्याच्या उजेडात खोदाईची रेषा सरळ ठेवावयाची; आणि दिवा मंदावला, तर आत हवा नाही असे समजून मागे फिरावयाचे. दरड कोसळून अथवा हवेअभावी मुकन्नी दगावणे नवे नव्हते. म्हणून ते आपसात कनातीला ‘खुनी’ या अर्थाच्याच शब्दाने संबोधीत, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. आपल्या भंडाऱ्याला ‘खुनी’ हे नाव पाण्याच्या तांबूस छटेवरून पडले, असे येथे सांगितले जाते आणि पुढे ते अशुभ वाटून ‘कुंडी’ हा शब्द रूढ झाला. दोन नावांचा परस्परांशी संबंध लावण्याचे धाडस मी करीत नाही. तथापि कुंडीच्या काठावर उभे राहून आत डोकावताना त्या परदेशी कारागिरांचा शब्द आठवल्यावाचून राहत नाही.

बांधकामानंतर नगरावरचे अंमल किती वेळा बदलले, हे एकदा क्रमाने पाहिले पाहिजे. जानेवारी १६८१ च्या अखेरीस संभाजीराजांच्या कारकिर्दीत हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने येथील बहादुरपुरा लुटला. मराठ्यांच्या इतिहासात बऱ्हाणपूर ठळकपणे येते ते या घटनेने. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नगर निजामाकडे गेले. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर ते पेशव्यांच्या पदरात पडले आणि १७७८ मध्ये शिंद्यांकडे आले. १८०३ मध्ये इंग्रजांनी ते घेतले, सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना परत मिळाले आणि १८६० मध्ये कायमचे इंग्रजी अमलात गेले. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे या गावी येणे या घडामोडींशी निगडित आहे. कोणी कमाविसदाराबरोबर आले, कोणी फडावरचे कारकून म्हणून, कोणी भिक्षुकीस, कोणी खानदेशातून सराफी घेऊन. त्या सर्वांनी या नगरीत बिऱ्हाड थाटले तेव्हा ज्या पाण्यावर थाटले, ते भंडाऱ्यांचे होते. खाली उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र मोगल, निजाम, पेशवे, शिंदे आणि कंपनी सरकार यांत फरक एवढाच की मजुरीवर शिक्का कोणाचा. चुनखडीचे कवच कोणाच्याही राज्यात सारख्याच गतीने चढत होते.

मराठी राज्यकर्त्यांना निगेचे महत्त्व कळत नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या पाण्याचा विचार बारकाईने केला आहे. केवळ झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. साठ्याची टाकी वेगळी असावीत आणि त्यांतले पाणी राखून ठेवावे, हा त्यातील आशय राज्य चालविणाऱ्या माणसाचा आहे आणि तितकाच घर सांभाळणाऱ्याचाही. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजहून पुण्यास नळ आणण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्या भूमिगत मार्गावर जागोजाग उच्छ्वास बांधले. हवा खेळती राहावी आणि माणसाला आत उतरता यावे, अशी ही योजना. आपल्या कुंड्यांचे ते पुणेरी भाऊबंदच होत. म्हणजे बांधणाऱ्यांनी दुरुस्ती करणाऱ्याची वाट आधीच ठेवलेली होती. ज्या वास्तूत दुरुस्तीला जागाच ठेवलेली नाही, ती वास्तू बांधणाऱ्याने अर्धीच बांधली, असे जुने मिस्त्री म्हणत, त्यात तथ्य आहे.

मग या माणसांची नावे गेली कोठे? याचे उत्तर मला सरकारी हिशेबाच्या पद्धतीत सापडते. १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने जुन्या मिलिटरी बोर्डाच्या जागी सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन केले. कचेऱ्या, तुरुंग, इस्पितळे, रस्ते, पूल यांचा सारा संसार या खात्याकडे आला आणि त्याबरोबर खर्च लिहिण्याची एक शिस्तही आली. तिच्यात नवी कामे एका सदरात व दुरुस्त्या दुसऱ्या सदरात मांडल्या जात. नव्या कामाला आराखडा, अंदाजपत्रक, मंजुरी, कोनशिला आणि उद्घाटन; दुरुस्तीला वार्षिक तरतूद, आणि तंगीच्या वर्षी पहिली कात्री तिलाच. झालेले काम ओव्हरसियर मोजमाप-पुस्तकात उतरवून घेई. त्यात किती घनफूट गाळ काढला आणि किती चौरस फूट गिलावा केला हे येते. काढणाऱ्याचे नाव येत नाही. नाव येते ते हजेरीच्या मस्टरात. परंतु बहुसंख्य कारागीर ‘वर्कचार्ज’ असत. त्यांची मजुरी कामाच्या खर्चात धरली जाई, कायम आस्थापनेच्या पटावर ते नसत. मस्टर तर मुदत संपली की रद्दीत काढावयाचे कागद. अशा रीतीने बांधणाऱ्याचे नाव दगडावर आणि राखणाऱ्याचे नाव नाशवंत कागदावर, अशी विभागणी पद्धतशीरपणे झाली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण इतिहासकार ज्या दप्तरावर अवलंबून असतो, ते दप्तरच या माणसांना विसरण्याच्या बेताने आखलेले होते.

१८६० च्या दशकात येथे नगरपालिका आली. स्वातंत्र्यानंतर लोक निर्माण विभाग आणि लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभाग अशी शासकीय खाती स्थिरावली. सरकारी इमारतीतला मिस्त्री हे पात्र याच काळात आपल्या सर्वांच्या परिचयाचे झाले. फिटर, वायरमन, नळमिस्त्री, गवंडी, सुतार, बेलदार अशी त्याची अनेक रूपे. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या आणि बापापासून मुलाकडे जाणारी विद्या प्रमाणपत्राच्या वाटेने जाऊ लागली. आपल्या जिल्ह्यात नेपानगरचा वृत्तपत्र-कागदाचा कारखाना १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा त्या यंत्रसंसाराच्या देखभालीसाठी तरुणांच्या एका पिढीला पाना आणि ग्रीस यांची ओळख झाली. या लोकांचा दिवस बिघाडाने सुरू होतो. पंप चालू आहे तोवर कोणी त्यांना विचारीत नाही. तो बंद पडला की सर्वजण त्यांच्याच नावाने हाका मारतात. काम जितके चोख, तितका करणारा अदृश्य, अशी या व्यवसायाची मोठी विचित्र नियती आहे. कचेरीत वर्षभर दिवा गेला नाही, नळ गळला नाही, छत पाझरले नाही, यासाठी कोणी कोणाचा सत्कार केल्याचे ऐकिवात नाही.

भंडाऱ्यांच्या कहाणीला या टप्प्यावर एक वळण लागले. वीज आली, कूपनलिका आल्या, पंप आले. पाणी खालून वर ओढता येऊ लागल्यावर वरून खाली आपणहून येणाऱ्या पाण्याची निकड कमी झाली. नवा मिस्त्री मोटर जाणतो, व्हॉल्व्ह जाणतो, तारा जाणतो. परंतु वाकून बोगद्यात शिरणे आणि भिंतीवर कान देऊन पाझर ओळखणे हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हते. यात त्याचा दोष नाही. ज्या कामासाठी त्याला नेमले, ते काम तो करतो. शिवाय ठिकठिकाणी पाणी खोलवरून उपसले जाऊ लागले की भूजलाची पातळी खालावते आणि उथळ पाझरावर जगणारा बोगदा उपाशी राहतो. उपाशी बोगद्याकडे लक्ष कमी, आणि लक्ष कमी म्हणून कवच अधिक, असे हे चक्र आहे.

सद्हेतूने केलेली दुरुस्तीही कधी कधी मारक ठरते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. जुने बांधकाम चुन्याचे असते. घाणीत मळलेला चुना श्वास घेतो; ओल आत-बाहेर होऊ देतो, भिंत किंचित हलली तर तो तिच्याबरोबर थोडा हलतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की वरून भक्कमपणा दिसतो आणि आत ओल कोंडते; मग कोंडलेली ओल मऊ विटेला व जुन्या चुन्यालाच खाऊ लागते. ज्या भिंतीचे कामच पाझरणे आहे, त्या भिंतीला सिमेंट लावणे म्हणजे तहानलेल्याच्या तोंडाला पट्टी बांधणे होय. आपल्या वाड्यांतही आपण हेच केले. ओल आली म्हणून सिमेंट थापले, दोन पावसाळ्यांनी फुगवटे आले, आणि ‘जुन्या भिंतींत आता राम उरला नाही’ असे म्हणून वाडा पाडावयास काढला. भिंतींत राम होता. तिची भाषा जाणणारा माणूस आपण गमावला होता.

२००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. भंडाऱ्यात उतरण्यासाठी प्रवाशांकरिता लिफ्टही बसविली गेली, त्यामुळे जे दृश्य पूर्वी केवळ दोरावर लोंबकळणाऱ्यास दिसे ते सर्वसामान्यांस पाहता आले. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत मध्य प्रदेशातील सहा नवी स्थळे आली, त्यांत आपला खुनी भंडारा आहे. ही अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु तात्पुरत्या यादीतून अंतिम यादीत जाण्यासाठी केवळ प्राचीनत्व पुरत नाही. स्थळाची निगा कोण, कशी आणि कोणत्या व्यवस्थेने राखणार, याचा आराखडा द्यावा लागतो. इराणमधील अकरा कनाती २०१६ मध्ये त्या यादीत दाखल झाल्या, तेव्हा तेथे मुकन्नींची परंपरा क्षीण का होईना, पण जिवंत होती. यझ्द येथे कनातींच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय केंद्रही उभे होते. आपल्याकडे भुयार आहे. भुयाराची भाषा जाणणारी माणसे तयार करण्याची व्यवस्था उभारणे, हे त्यापुढचे काम आहे.

हे काम शासनाचे आहे असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण त्यात आपलाही थोडा वाटा आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी अजूनही मोडीतले रुमाल आहेत. त्यांत वतनाचे, दत्तकाचे, देवस्थानाचे कागद आपण जपून ठेवले, कारण त्यांवर आपल्या पूर्वजांची नावे होती. त्याच रुमालांत कोठेतरी डागडुजीचे हिशेब असतील: गवंड्यास किती, बेलदारास किती, चुना किती खंडी, आड उपसण्यास किती माणसे व किती दिवस. असे कागद आपण आजवर किरकोळ समजून बाजूला सारले. नगराची निगा कशी राखली जात होती, याचे धागेदोरे अशाच किरकोळ कागदांतून हाती येतात. तसेच नगरपालिकेत, बांधकाम खात्यात अथवा पाणीपुरवठ्यावर ज्यांनी हयात घालविली, असे निवृत्त मिस्त्री व फिटर आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसून त्यांना बोलते करणे आणि ते जसे सांगतील तसे लिहून घेणे, यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. कोणत्या कुंडीत केव्हा उतरलो, काय पाहिले, कोणते हत्यार वापरले, कोणाकडून शिकलो, एवढे चार प्रश्न पुरेत.

त्यांची नावेही लिहून ठेवावीत, पूर्ण नावे, वडिलांच्या नावासह, आपण आपली वंशावळ लिहितो तशी. राजा अली खानाने आपली वंशावळ संस्कृतात कोरविली, म्हणून सव्वाचारशे वर्षांनंतरही ती आपल्याला वाचता येते. ज्यांच्या श्रमाने त्याच्या नगरीला नंतरची चार शतके पाणी मिळाले, त्यांच्यासाठी दगड नसला तरी आपल्या त्रैमासिकाची पाने आहेत. येत्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले आणि भंडाऱ्याच्या साफसफाईचा विषय पुन्हा निघाला, की खाली उतरणाऱ्यांची यादी आपल्यापैकी कोणीतरी मागून घ्यावी आणि ती या पानांवर छापावी, अशी संपादक मंडळास माझी नम्र विनंती आहे.